एमडी रेडिओलॉजीची फायनल: थिसिस, स्पॉट्स आणि एक कोपर

माझ्या आईला अजूनही नीट कळलेलं नाही की मी नक्की काय करते. गावात कुणी विचारलं की सांगते, "फोटो काढायची डॉक्टर आहे." आमच्याकडे एक्सरेला फोटोच म्हणतात, छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो, त्यामुळे तिचं काही चूक नाही, पण फोटो काढतात टेक्निशियन मामा आणि मी तो बघून लिहिते. हे तिला एकदा समजावून सांगितलं तर म्हणाली, "मग त्यात तीन वर्षं काय शिकायचंय गं, दिसतं ते लिहायचं." तेव्हा राग आला होता.

ज्युनिअर लोक सारखं विचारतात की फायनल कशी असते, काय विचारतात, कसं निभावलं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजची, विद्यापीठ आपलं नाशिकचं, एमबीबीएसनंतर तीन वर्षांचं एमडी, बॅचमध्ये आम्ही पाच जण. पहिली दोन वर्षं कशी गेली ते विचारू नका, जेआर वन (पहिल्या वर्षाची ज्युनिअर रेसिडेंट) म्हणजे रात्रभर सीटी ब्रेन प्लेन आणि सकाळी शिव्या, जेआर टू म्हणजे त्याच शिव्या थोड्या कमी. खरा खेळ जेआर थ्रीला.

आणि तो सुरू होतो थिसिसपासून. थिअरीच्या सहा महिने आधी थिसिस जमा करावा लागतो, आणि सहा महिने म्हणजे खूप वाटतात पण त्याच्या आधीचे दोन महिने माणूस जेवतो कधी तेच आठवत नाही. माझा विषय थायरॉइडच्या गाठी. सोनोग्राफीवर गाठ बघायची, टायरॅड्सप्रमाणे मार्क द्यायचे (अमेरिकन कॉलेजवाल्यांची २०१७ ची पद्धत, गाठ पाण्याची की भरीव, रंग कसा, आकार कसा, कडा कशा, आत चुन्याचे ठिपके आहेत का, असे पाच मुद्दे, गाठ रुंदीपेक्षा उंचीला जास्त असेल तर सरळ ३ मार्क, आणि बेरीज ७ किंवा त्याच्या वर गेली की टीआर फाईव्ह म्हणजे संशय दाट) आणि मग सुईच्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत काय आलं त्याच्याशी ताळा जमवायचा. कागदावर एकदम सोपं. गाईड मॅडम म्हणाल्या, छान विषय आहे, पेशंट भरपूर मिळतील.

पेशंट मिळाले हो, पण अर्धे सुईलाच जाईनात. सुई टोचली की गाठ पसरते असा आपल्याकडे पक्का समज आहे, दहा मिनिटं समजावून सांगावं, बाई मान हलवतात, हो हो म्हणतात, आणि चिठ्ठी घेऊन सरळ स्टँडवर. ज्या पॅथॉलॉजीच्या दारापर्यंत गेल्या त्यातल्या काहींना तिथे "उद्या या" सांगितलं आणि तो उद्या काही उजाडला नाही. दिवाळी झाल्यावर मी रजिस्टर घेऊन फोन करायला बसले. "मावशी, ते मानेचं सुईचं केलं का?" "न्हाई गं बाई, आम्ही कारखान्यावर आलाव." ऊसतोड! बीडकडचे माझे सात-आठ पेशंट एका आठवड्यात कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात निघून गेले, ते आता उन्हाळ्यातच परत येणार, आणि माझी डेडलाईन त्याच्या आधी. स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांना सांगितलं तर त्यांनी शांतपणे एक्सेलमध्ये लिहिलं, लॉस्ट टू फॉलोअप, म्हणजे मधेच निसटलेले पेशंट. एका मावशीला मात्र मी तिकडच्याच एका ओळखीच्या मैत्रिणीकडे पाठवलं, तिची गाठ टीआर फाईव्ह होती आणि मला झोप लागत नव्हती. ती केस थिसिसमध्ये धरता आली नाही कारण तपासणी बाहेर झाली. ऑपरेशन झालं तिचं, बरी आहे.

बाकी प्लेजरिझमचा रिपोर्ट, गाईडची सही, एचओडींची सही, हे सगळं सगळ्यांचं सारखंच असतं. कॉलेजसमोरच्या बाइंडिंगवाल्याने सोनेरी अक्षरात माझ्या नावाचा एक कानाच खाल्ला होता ते रात्री नऊला लक्षात आलं एवढंच सांगते.

मग अभ्यास. फिजिक्सला सगळे घाबरतात, मी पण. बारावीनंतर फिजिक्सला हात जोडून निघालो होतो आम्ही आणि इथे एमआरआय शिकायला परत तेच, प्रोटॉन, चुंबक, प्रिसेशन. मला ते डोक्यात कधीच शिरलं नसतं, पण माझ्या को-पीजीने (बॅचमधल्याच एकाने) एका रात्री ड्युटीरूममध्ये भाच्याचा भोवरा आणला. जाळी मारून फिरवला आणि म्हणाला, बघ, भोवरा स्वतःभोवती फिरतोय ना, पण दमायला लागला की त्याचं डोकंही गोल गोल डुलायला लागतं, ते डुलणं म्हणजे प्रिसेशन. चुंबक जेवढा जोरदार तेवढं डुलणं जलद. हायड्रोजनसाठी एका टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ, आपलं मशिन दीड टेस्लाचं, म्हणजे ६४ च्या आसपास, त्याच फ्रिक्वेन्सीचा धक्का दिला तरच प्रोटॉन ऐकतो. तीन वर्षं जे पाठ करत होते ते त्या भोवऱ्याने पाच मिनिटांत उतरवलं. थिअरीला नेमका तोच प्रश्न आला असं लिहायला मला फार आवडलं असतं, पण नाही आला, व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला आला.

थिअरीचे चार पेपर, शंभर शंभर मार्कांचे, तीन तास. पहिल्यात फिजिक्स, ॲनाटॉमी वगैरे, शेवटच्यात इंटरव्हेन्शन आणि नवीन काय चाललंय ते. इथे एकच सल्ला, हाताने लिहायची सवय आधीपासून करा. तीन वर्षं रिपोर्ट टाईप करून माझं अक्षर कोंबडीचे पाय झालं होतं, दुसऱ्या तासाला अंगठा आखडला, आणि डायग्रामला रंगीत पेन्सिली नेल्या होत्या त्यातली लाल तिथेच तुटली. असो. थिअरी हा भाग असा आहे की बाहेर आल्यावर कुणाशी बोलू नये.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी आमचं डिपार्टमेंट ओळखू येईना. मावशींनी फरशी दोनदा पुसली, सोनोग्राफीच्या खोलीत नव्या चादरी, आणि फिल्म लावून बघायचे दिव्यांचे जे व्ह्यू बॉक्स एरवी लग्नाच्या माळेसारखे लुकलुकतात ते सगळे एकदम पांढरेशुभ्र. चार परीक्षक, दोन आपले दोन बाहेरचे, त्यातले एक सर परराज्यातले, त्यांना मराठी येत नव्हतं. रात्री झोपायचं ठरवलं होतं, पण माझ्या शेजारच्या रूममधली पहाटे दोनला येऊन विचारायला लागली की हायडॅटिड सिस्टचं वॉटर लिली कशाला म्हणतात, मग काय झोपणार.

सकाळी पहिली सोनोग्राफी. मला मिळाले एक आजोबा, पोट फुगलेलं, डोळे थोडे पिवळे. मी प्रोब ठेवला, श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा, हे आमचं गायत्री मंत्रासारखं चालू, आणि आजोबा हळूच म्हणतात, "पोरी, सगळे हितं पाणी हाय म्हणत्यात, आन् डाव्या अंगाला लई येळ बघत्यात." मला हसू आवरेना. पेशंट उत्तर फोडतात हे खरंय, पण फोडलेलं उत्तर स्क्रीनवर दाखवता आलं पाहिजे ना. पोटात पाणी होतंच, लिव्हर आक्रसलेलं, कडा ओबडधोबड, डाव्या अंगाला प्लीहा चांगलीच वाढलेली, लिव्हरकडे रक्त नेणारी पोर्टल व्हेन रुंद. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा डॉपलर लावला आणि तिच्यात उलटं वाहणारं रक्त दाखवलं. परीक्षक मॅडमनी विचारलं, कलर बॉक्सचा ॲंगल बदलला तर रंग बदलेल का? बदलेल. मग उलटं वाहतंय हे कशावरून? तिथे मी दहा सेकंद गप्प, मग सुचलं, स्पेक्ट्रल (प्रवाहाचा आलेख) लावला आणि बेसलाईनच्या खाली गेलेली लाट दाखवली. आजोबांना निघताना म्हणलं, धन्यवाद. ते म्हणाले, पास झाली का?

लाँग केसबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आतड्याचा टीबी होता, सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, वर ओढलं गेलेलं, आपल्याकडे त्याला कोण चुकेल.

माझी फजिती झाली ती फिल्मच्या टेबलवर. परराज्यातल्या सरांनी छातीचा एक फोटो लावला. दोन्ही फुफ्फुसात गोल गोल पांढरे गोळे, कॅननबॉल, इतके ठळक की आईनेसुद्धा ओळखले असते. मी खुश. सुटले, मेटास्टेसिस (दुसरीकडून पसरलेला कॅन्सर) सर, प्रायमरी (मूळ कॅन्सर) किडनी असू शकेल, कोरिओकार्सिनोमा, टेस्टिस (म्हणजे पुरुषाचं वृषण)... सर म्हणाले, "टेस्टिस?" मी म्हणलं यस सर. सरांनी काही न बोलता फिल्मच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. नावावर पट्टी होती पण त्याखाली वय आणि एफ स्पष्ट दिसत होतं. बाई होती ती. कानापर्यंत लाल झाले मी. सर फक्त म्हणाले, "और?" परत बघितलं, बरगड्या, हंसळी, डायफ्रामखाली हवा, हृदयामागची जागा, काही नाही. "और?" आणि मग तिसऱ्यांदा बघताना डोळ्यावरची पट्टी पडली. डावी बाजू उजवीपेक्षा जरा काळी होती, कारण डाव्या बाजूला स्तनाची सावलीच नव्हती. मॅस्टेक्टॉमी झालेली, स्तन काढलेला. प्रायमरी तिथे समोर होती, म्हणजे नव्हती, आणि ती नसणं हेच उत्तर होतं, आणि मी किडनीत शोधत बसले होते.

याला आमच्यात सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च म्हणतात, जेआर वनला पहिल्या महिन्यात शिकवतात. एक चोर सापडला की पोलीस खुश होऊन जीपमध्ये बसतात आणि दुसरा माळ्यावर तसाच. शिकवलेलं असतं, व्याख्या येते, आणि तरी समोर गोळे दिसले की डोळा तिथेच चिकटतो.

त्या धक्क्यातच स्पॉट्सला गेले. रांगेने फिल्म लावलेल्या, दोन मिनिटाला बेल, पुढे सरकायचं. थॅलेसिमियाची कवटी, केस उभे राहिल्यासारखी, बरं. अन्ननलिकेचा बेरियम, खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती, अकॅलेशिया, बरं. मेंदूतली सिस्टिसर्कोसिसची गाठ, आत बाजूला टेकलेला ठिपका. हात चालत होता. दहाव्याला एका लहान मुलाचं कोपर, समोरून आणि बाजूने.

लहान मुलाचं कोपर म्हणजे आमच्याकडचा सापळाच. हाडांची टोकं वेगवेगळ्या वयात दिसायला लागतात, त्याआधी ती कुर्चा असतात म्हणजे फोटोत काहीच दिसत नाही, आणि दिसायला लागल्यावर वेगळा तुकडा पडल्यासारखी दिसतात, नवख्याला फ्रॅक्चरच वाटणार. ढोबळ हिशेब असा, कॅपिटेलम १ वर्षाला, रेडियल हेड ३, आतल्या बाजूचा एपिकाँडाईल ५, ट्रॉक्लिया ७, ओलेक्रेनॉन ९, बाहेरचा ११. या फोटोत पहिले तीन होते, चौथा नव्हता. म्हणजे पोरगं पाच ते सातच्या मधलं. आतला एपिकाँडाईल जागेवर होता का, कारण तो कधीकधी तुटून सांध्यात जाऊन बसतो आणि ट्रॉक्लियाचं सोंग घेतो, तर हो, जागेवर होता. बाजूच्या फोटोत ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) पुढच्या कडेवरून रेघ ओढली तर कॅपिटेलमच्या मधल्या भागातून गेली पाहिजे, गेली. मागचा फॅट पॅड, म्हणजे चरबीची सावली, दिसला तर सांध्यात रक्त, दिसला नाही. एक मिनिट संपलं. परत सगळं बघितलं. काहीच नाही.

आता परीक्षेत काहीच नाही असं कोण लिहितं? टेबलवर नुकतीच एक बाई अख्खी चुकले होते. काहीतरी असणारच, मलाच दिसत नाहीये, माळ्यावर चोर आहे. पेनने सुप्राकाँडायलर (कोपराच्या जरा वरचं फ्रॅक्चर) एवढं लिहिलं पण, मग खोडलं. बेल व्हायच्या आत लिहिलं, नॉर्मल, वय पाच ते सात, दुसऱ्या कोपराशी तुलना करावी. ती शेवटची ओळ म्हणजे आमची नेहमीची पळवाट, प्लीज कोरिलेट क्लिनिकली सारखी, पण पळवाट का होईना लिहिली.

जेवायच्या सुट्टीत बाहेर चौघं भेटले. दहावा? सुप्राकाँडायलर ना? हो ना, बारीक होतं पण होतं. तिघांनी फ्रॅक्चर लिहिलं होतं. चौथा म्हणाला मी पण नॉर्मल, पण मला वेळच नव्हता. माझ्या घशाखाली पोळी उतरेना.

दुपारचं इन्स्ट्रुमेंटचं टेबल मात्र मजेत गेलं. एचएसजीचा कॅन्युला, पिगटेल, गाईडवायर, बेरियमचं पाकीट. लेड ॲप्रन उचलून विचारलं, याची घडी का घालायची नाही? आतलं शिसं तडकतं, तडा दिसत नाही, फ्लुरोस्कोपीखाली तपासायचं. अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा टीएलडी बॅज हातात दिला, आत काय? कॅल्शियम सल्फेट डिस्प्रोशियमच्या तीन चकत्या. ॲप्रनच्या आत की बाहेर? आत, छातीवर. तुझा कुठाय? माझा अर्थात कपाटात होता. सर हसले, मी हसले नाही. पीसीपीएनडीटीवर, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्यावर अर्धा तास घेतील असं ऐकलं होतं, दोनच प्रश्न आले, गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ किती काळ जपून ठेवायचा (दोन वर्षं) आणि महिन्याचा रिपोर्ट कधीपर्यंत द्यायचा (पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत). हे कुणालाही येतं, दारावर पाटी रोज वाचतो आपण.

मग मॅडमनी विचारलं, सीटीसाठी शिरेतून कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यावर पेशंट म्हणाला घसा खवखवतोय, काय करशील? हे पुस्तकातलं उत्तर मला द्यावंच लागलं नाही. जेआर टूला असताना रात्री तीनला अपघाताच्या सीटीत असंच झालं होतं, पेशंट म्हणाला मॅडम खाज येतीय, मी माईकवरून हलू नका म्हणलं, आणि मिनिटभरात आवाज घोगरा, श्वासाला शिट्टी, बीपी लागेना. सिस्टर आणि मी दोघीच. एकास हजारचं ॲड्रिनॅलिन, अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ऑक्सिजन, पाय वर, सलाईन, भूलवाल्यांना फोन. तो माणूस वाचला आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मॅडमना मी फक्त डोस आणि जागा सांगितली, पण माझा हात आपोआप मांडीकडे गेला होता, ते त्यांनी बघितलं बहुतेक, पुढचा प्रश्न विचारला नाही.

संध्याकाळी सगळं संपलं. परीक्षक गेले, आम्ही पाचजण पायरीवर बसलो, चहा आला. टेक्निशियन मामा फिल्म गोळा करून पाकिटात घालत होते. मी राहवेना म्हणून आत गेले आणि विचारलं, मामा, तो दहावा, कोपराचा, कुणाचा हो?

"तो? आमच्या धाकट्याचा. पहिलीत होता, सायकलवरून पडला. रडून रडून सगळी कॉलनी गोळा केली होती त्यानं. निघालं काहीच नाही, तेव्हाच्या सरांनी परीक्षेसाठी म्हणून ठेवून घेतला. आता बारावीला आहे."

मी त्यांना मिठीच मारणार होते. बाहेर येऊन कुणाला सांगितलं नाही, तिघांचा चहा कशाला कडू करायचा.

रिझल्ट दुपारी लागला, पीडीएफ उघडेना, ग्रुपवर कुणीतरी स्क्रीनशॉट टाकला त्यात सीट नंबर शोधला. पाचही जण पास, कोपर तोडणारे तिघेसुद्धा. आईला फोन केला तर पहिलं वाक्य, "आता तरी दिवसा काम करशील ना?"

दिवसा कसलं, बाँडचं एक वर्ष होतं, सिनियर रेसिडेंट म्हणून रुजू झाले. पहिल्याच सकाळी नर्सिंगला ॲडमिशन घेणाऱ्या एका मुलीचा छातीचा फोटो आला, फिटनेससाठी. इतके दिवस माझ्या रिपोर्टखाली दुसऱ्या कुणाची तरी सही असायची, त्या दिवशी खाली फक्त माझं नाव. मामा म्हणाले फिटनेसचा आहे, नॉर्मलच असणार, लिहून टाका. मी खोलीतला लाईट बंद केला. दोन्ही शेंडे, हंसळीमागची जागा, हृदयामागे, डायफ्रामखाली, बरगड्या एकेक मोजून, दोन्ही बाजूच्या सावल्या, कोपऱ्यातलं नाव, वय, एफ. मग परत पहिल्यापासून. मग टाईप केलं, सही केली.

बाहेर मुलगी आणि तिची आई बाकावर बसलेल्या. मुलीने कागद उलटसुलट करून बघितला.

"काही निघालं का मॅडम?"

"नाही, सगळं नॉर्मल आहे."

"मग इतका वेळ?"